युद्धखेळ (आंतरराष्ट्रीय संबंधांतील संशोधन पद्धती)

युद्धखेळ किंवा वॉरगेमिंग ही आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात वापरली जाणारी एक संशोधन पद्धती आहे. या पद्धतीत एखादे काल्पनिक परंतु संभाव्य संकट मांडले जाते. परस्परविरोधी पक्षांच्या भूमिका माणसांना दिल्या जातात आणि ठरलेल्या नियमांच्या चौकटीत ती माणसे कोणते निर्णय घेतात, याची काटेकोर नोंद केली जाते. प्रत्यक्ष सैन्य, शस्त्रे वा जहाजे यांची हालचाल त्यात होत नाही. खेळाचा निकाल म्हणजे भविष्यवाणी नव्हे. निर्णय कसा घेतला गेला, कोणत्या पर्यायांचा विचार झाला आणि कोणते पर्याय कोणत्या कारणाने बाजूला ठेवले गेले, ही या पद्धतीतून मिळणारी खरी सामग्री होय.

लष्करी शिक्षणात युद्धखेळांचा वापर दोनशे वर्षांहून जुना आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी तो विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीकारला आणि एकविसाव्या शतकात त्याला प्रायोगिक संशोधनाची शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले. भारतात लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांनी १९६० मध्ये लखनौ येथे घेतलेला 'लाल किल्ला' हा सराव या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या दोहोंचे उदाहरण म्हणून अभ्यासण्यासारखा आहे.

संज्ञा आणि सीमारेषा

'युद्धखेळ' हा शब्द काही निकटच्या संकल्पनांपासून वेगळा करणे आवश्यक आहे.

लष्करी सरावात खरे सैनिक आणि खरी सामग्री मैदानात उतरते. १९८६-८७ मध्ये राजस्थानात झालेला 'ब्रासटॅक्स' हा भारतीय सैन्याचा सराव इतका मोठा होता की पाकिस्तानने त्याला आक्रमणाची तयारी मानले आणि जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही देशांत खरा तणाव निर्माण झाला. युद्धखेळ बंद खोलीत होत असल्याने हा धोका त्यात पुष्कळ कमी असतो.

संगणकीय प्रतिमानात सर्व निर्णय गणिती सूत्रांनी होतात. युद्धखेळात संगणकाची मदत घेतली जाऊ शकते, मात्र निर्णय माणूस घेतो. प्रतिरूप संयुक्त राष्ट्रे, म्हणजे महाविद्यालयांत लोकप्रिय असलेले 'मॉडेल युनायटेड नेशन्स', हा शैक्षणिक उपक्रम आहे. त्यात वक्तृत्वावर आणि ठरावांच्या मसुद्यावर भर असतो, प्रतिस्पर्ध्याच्या खेळीचे परिणाम भोगावे लागत नाहीत. बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना संपूर्ण पट दिसतो. युद्धखेळात मात्र माहिती अपुरी, विलंबाने आलेली आणि प्रसंगी चुकीची असते. प्रत्यक्ष राजकारणाशी त्याचे साम्य येथेच आहे.

पद्धतीचे स्वरूप

सर्वसाधारण युद्धखेळाचे चार घटक असतात.

पहिला घटक प्रसंगचित्र. संकटाची पार्श्वभूमी, भूगोल, उपलब्ध साधने आणि आरंभीची घटना यांचे लेखी वर्णन खेळाडूंना दिले जाते. दुसरा घटक खेळाडू. ते सहसा दोन संघांत विभागले जातात आणि पाश्चात्त्य प्रथेनुसार त्यांना निळा व लाल संघ म्हटले जाते. प्रत्येक संघात पंतप्रधान, संरक्षणमंत्री, सेनाप्रमुख, परराष्ट्र सचिव अशा भूमिका वाटून दिल्या जातात. तिसरा घटक पंच. संघांच्या खेळींचा परिणाम काय झाला, हे पंच ठरवतात आणि पुढच्या डावाची परिस्थिती जाहीर करतात. चौथा घटक नोंद. चर्चेचे टिपण, लेखी आदेश, मतभेद आणि खेळानंतरची प्रश्नावली या सर्वांचे जतन केले जाते.

पंचांच्या अधिकारावरून खेळाचे दोन प्रकार पडतात. नियमबद्ध खेळात परिणाम तक्ते आणि फासे यांवरून ठरतात, तर मुक्त खेळात पंच आपल्या अनुभवाच्या आधारे निवाडा देतात. पहिल्यात काटेकोरपणा अधिक असतो. दुसऱ्यात राजनैतिक संदेश, धमकी, वाटाघाट अशा मोजता न येणाऱ्या गोष्टींना वाव मिळतो.

खेळ संपल्यावर होणारी उलटतपासणीची बैठक संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मानली जाते. 'तुम्ही हल्ला का केला नाही?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच बैठकीत मिळते.

इतिहास

आधुनिक युद्धखेळाचा उगम प्रशियात झाला. गेऑर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी एक युद्धपट तयार केला. त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये त्याला नकाशे, मोजपट्टी आणि फासे यांची जोड देऊन सुधारित नियम प्रसिद्ध केले. प्रशियन सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात हा खेळ रुजला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा प्रसार इतर देशांत झाला. अमेरिकेच्या न्यूपोर्ट येथील नौदल युद्ध महाविद्यालयात १८८७ पासून युद्धखेळ शिकवले जाऊ लागले. दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथे जपानविरुद्धच्या संभाव्य सागरी युद्धाचे खेळ वारंवार खेळले गेले.

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात ही पद्धती अणुयुगात आली. अणुयुद्धाचा अभ्यास करायचा, तर त्याची उदाहरणे इतिहासात उपलब्ध नव्हती. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संस्थेतील हर्बर्ट गोल्डहॅमर आणि हान्स श्पायर यांनी १९५० च्या दशकात 'राजकीय खेळ' विकसित केला. त्यात सैन्याच्या हालचालींपेक्षा सरकारांच्या निर्णयांवर भर होता. त्याच सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्सको यांनी काल्पनिक राष्ट्रांवर आधारित 'आंतर-राष्ट्र अनुकरण' हा प्रकल्प सुरू केला. १९६१ च्या बर्लिन पेचप्रसंगाच्या वेळी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी वॉशिंग्टनमधील उच्चपदस्थांसाठी युद्धखेळ योजले. शेलिंग यांना पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७० नंतर राज्यशास्त्रात सांख्यिकी आणि औपचारिक गणिती सिद्धान्त यांचा प्रभाव वाढला. युद्धखेळ लष्करी संस्थांपुरते उरले आणि विद्यापीठांतील संशोधनात त्यांचे स्थान दुय्यम झाले. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे पुनरुज्जीवन झाले.

संशोधनातील उपयोग

युद्धखेळ तीन परिस्थितींत विशेष उपयुक्त ठरतो: घटना दुर्मीळ असते तेव्हा, निर्णयप्रक्रिया गुप्त असते तेव्हा आणि तंत्रज्ञान इतके नवे असते की त्याचा युद्धातील वापर अद्याप झालेला नसतो तेव्हा.

जुन्या खेळांची दप्तरे हे एक साधन आहे. रीड पॉली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शीतयुद्धकाळातील अमेरिकी युद्धखेळांची खुली झालेली कागदपत्रे तपासली. खेळाडूंमध्ये खरे सेनाधिकारी आणि मुत्सद्दी होते. खेळातसुद्धा अण्वस्त्र वापरण्यास ते फार नाखूश असल्याचे त्यांना आढळले.

नवे खेळ रचून प्रयोग करणे हे दुसरे साधन आहे. एरिक लिन-ग्रीनबर्ग यांनी एकच प्रसंगचित्र दोन रूपांत खेळवले. एका रूपात शत्रूने वैमानिक असलेले विमान पाडले होते, तर दुसऱ्यात वैमानिकविरहित ड्रोन. इतर सर्व तपशील सारखेच होते. ड्रोन पाडले गेले, तेव्हा खेळाडूंची प्रतिक्रिया सौम्य राहिली आणि संघर्ष चढत जाण्याचे प्रमाण कमी झाले. एकच घटक बदलून परिणाम पाहणे ही प्रयोगशाळेतील रीत येथे राज्यकारभाराच्या प्रश्नाला लावली गेली. लिन-ग्रीनबर्ग, पॉली आणि जॅकलिन श्नायडर यांनी २०२२ मध्ये एका संयुक्त लेखात या पद्धतीचे निकष मांडले.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित भाषाप्रतिमानांना खेळाडू म्हणून बसवण्याचे प्रयोगही अलीकडे झाले आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी प्रतिमाने संघर्ष वाढवण्याकडे झुकत असल्याचे आणि त्यांच्या वाढीचा अंदाज बांधणे कठीण असल्याचे नोंदवले गेले.

'लाल किल्ला' सराव (१९६०)

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे मूळचे कोल्हापूर भागातील. कोरियातील युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी १९५३-५४ मध्ये गेलेल्या भारतीय दलाचे ते सेनापती होते. पुढे लखनौ येथे मुख्यालय असलेल्या पूर्व विभागाचे ते प्रमुख झाले. तिबेटमधील घडामोडींनंतर ईशान्य सीमेच्या संरक्षणाची जबाबदारी याच विभागाकडे आली.

ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरात यांनी सैन्य मुख्यालयास एक लेखी मूल्यमापन पाठवले. चीनने आक्रमण केल्यास तत्कालीन नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, उपलब्ध सैन्यबळावर राखता येणार नाही, असा त्याचा आशय होता. मुख्य बचावफळी सीमारेषेवर न ठेवता मागे, बोमडिलाच्या आसपास ठेवावी, असे त्यांचे मत होते. शत्रूची रसद लांबेल आणि भारतीय सैन्याची आखूड राहील, हे त्यामागचे गणित होते. सीमेवरील चौक्यांचे काम केवळ टेहळणीचे राहणार होते.

हे म्हणणे अधिकाऱ्यांसमोर मांडण्यासाठी १७ मार्च १९६० रोजी लखनौ येथे 'लाल किल्ला' हा सराव घेण्यात आला. चिनी सैन्य कोणत्या मार्गांनी, किती वेगाने आणि कोठवर येईल, याची मांडणी त्यात करण्यात आली. सैन्यप्रमुख जनरल थिमय्या यांनी थोरात यांचे मूल्यमापन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याकडे पाठवले होते. मेनन यांनी ते अतिरंजित मानले, असे थोरात यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. काही दिवसांतच तवांग पडले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमडिला ही ठाणी हातची गेली आणि २१ नोव्हेंबर रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. मेनन यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. युद्धकाळात पंतप्रधान नेहरूंनी आपल्याला बोलावून घेतले आणि हे मूल्यमापन आपल्यापर्यंत आधी का पोहोचले नाही, अशी विचारणा केली, असेही थोरात यांनी नमूद केले आहे.

संशोधन पद्धतीच्या अंगाने या उदाहरणाचा विचार सावधपणे करावा लागतो. 'लाल किल्ला' खरा ठरला म्हणून युद्धखेळ भविष्य सांगतात, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. खरे ठरलेले खेळ स्मरणात राहतात आणि खोटे ठरलेले दप्तरात हरवतात. शिवाय या सरावाचा हेतू तटस्थ शोधाचा नव्हता. आधीच तयार झालेले मत वरिष्ठांना पटवून देणे, हा त्याचा उद्देश होता. अशा खेळात रचना करणाऱ्याचे गृहीतक निकालात उतरण्याचा धोका असतो. थोरात यांचे गृहीतक भूगोल, रस्ते आणि रसद यांच्या ठोस हिशेबावर उभे होते, हे त्यांच्या मांडणीचे बळ. मात्र ते बळ खेळामुळे आलेले नव्हते, खेळाने ते केवळ दृश्य केले. निष्कर्ष मांडला गेला, तो ऐकणारा कोणी नव्हता, हे या प्रकरणातील अपयश होय.

२६/११ आणि भारत-पाकिस्तान पेचप्रसंग

२६ ते २९ नोव्हेंबर २००८ दरम्यान मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचा मृत्यू झाला. हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानवर लष्करी कारवाई केली नाही. तत्कालीन परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'चॉइसेस' या पुस्तकात या निर्णयाची चर्चा केली आहे. आरंभी आपण प्रत्युत्तराच्या बाजूचे होतो, मात्र संयमाचा निर्णय योग्य ठरला, असे त्यांनी लिहिले आहे.

पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने ही घटना एक मूलभूत अडचण दाखवते. २००८ चा नोव्हेंबर पुन्हा घडवून पाहता येत नाही. अन्य पंतप्रधान असते, हल्ला दुसऱ्या शहरात झाला असता किंवा हल्लेखोर जिवंत पकडला गेला नसता, तर निर्णय कोणता झाला असता, हे इतिहास सांगू शकत नाही. १९९९, २००१-०२, २००८, २०१९ आणि २०२५ असे अण्वस्त्रसज्ज भारत-पाकिस्तानातील मोठे पेचप्रसंग मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची परिस्थिती निराळी आहे. एवढ्या अल्प संख्येवर सांख्यिकी निष्कर्ष उभा राहत नाही. युद्धखेळात प्रसंग तोच ठेवून एकेक घटक बदलता येतो. म्हणूनच दोन्ही देशांतील निवृत्त अधिकारी आणि अभ्यासक यांना एकत्र बसवून संकटाचे अनुकरण करण्याचे उपक्रम अनौपचारिक संवादाच्या चौकटीत झाले आहेत. अमेरिकेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलने २०१३ मध्ये असा एक अहवाल प्रसिद्ध केला.

भारतातील संस्था

भारतीय नौदलाचे सागरी युद्धशास्त्राचे महाविद्यालय १९८८ मध्ये मुंबई बंदरापलीकडील उरणजवळच्या करंजा येथे सुरू झाले. पुढे त्यास नौदल युद्ध महाविद्यालय असे नाव मिळाले आणि २०११ मध्ये ते गोव्यात मांडवीच्या उत्तर तीरावरील वेरे येथे हलवण्यात आले. तेथील 'चोल' या नव्या इमारतीचे उद्घाटन ५ मार्च २०२४ रोजी झाले. महू येथील आर्मी वॉर कॉलेज आणि वेलिंग्टन येथील संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालय या संस्थांतही युद्धखेळ हा प्रशिक्षणाचा भाग आहे. २०२२ मध्ये सैन्याच्या प्रशिक्षण विभागाने नव्या युद्धखेळ केंद्राच्या उभारणीसाठी राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी करार केला.

या संस्थांतील खेळांच्या नोंदी नागरी अभ्यासकांना सहसा उपलब्ध नसतात. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवालही सरकारने अधिकृतरीत्या प्रसिद्ध केलेला नाही. पॉली यांनी अमेरिकी दप्तरांवर केला तसा अभ्यास भारतीय दप्तरांवर करणे त्यामुळे अवघड आहे. युद्धे आणि मोहिमांच्या नोंदी सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी खुल्या करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केले. त्याची अंमलबजावणी या विषयाच्या अभ्यासासाठी निर्णायक ठरेल.

विद्यापीठीय वापराचा नमुना

दप्तरे बंद असली, तरी नवे खेळ रचण्यास विद्यापीठांना अडसर नाही. मुंबई विद्यापीठाच्या सांताक्रूझ (पूर्व) येथील विद्यानगरी संकुलातील राज्यशास्त्र विभागासारख्या ठिकाणी ही पद्धती अल्प खर्चात वापरता येण्याजोगी आहे. पुढील नमुना केवळ स्पष्टीकरणासाठी दिला आहे.

प्रसंगचित्र असे: मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणारी समुद्राखालील दूरसंचार केबल अरबी समुद्रात तुटते, बँकांचे व्यवहार मंदावतात आणि एका परकीय जहाजावर संशय येतो. प्रश्न असा: दोषी कोण याची खात्री असण्या-नसण्याने सरकारच्या प्रतिक्रियेत फरक पडतो का? विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत. निम्म्या संघांना गुप्तवार्ता 'खात्रीची' म्हणून द्यावी, उरलेल्यांना 'संशयास्पद' म्हणून. बाकी कागदपत्रे शब्दशः सारखी असावीत. प्रत्येक संघाने तीन डावांत लेखी निर्णय आणि त्याची कारणे द्यावीत. निर्णयांचे वर्गीकरण ज्यांना कोणता संघ कोणत्या गटातील हे ठाऊक नाही, अशा दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करावे.

अशा प्रयोगातून विद्यार्थ्यांची विचारपद्धती समजते, मंत्रिमंडळाची नव्हे. हा भेद अहवालात स्पष्ट नोंदवणे संशोधकाचे कर्तव्य आहे.

मर्यादा आणि टीका

खेळाडू आणि खरे निर्णयकर्ते यांतील अंतर ही या पद्धतीवरील पहिली टीका आहे. खेळात हरण्याची किंमत कोणी भोगत नाही. खरा पंतप्रधान निवडणूक, प्रेतांचे खच आणि इतिहासातील आपले नाव यांचा विचार करतो.

दुसरी टीका पंचांच्या पक्षपाताची. मे १९४२ मध्ये मिडवे मोहिमेच्या तयारीसाठी जपानी नौदलाने घेतलेल्या खेळात अमेरिकी विमानांच्या माऱ्याने जपानी विमानवाहू नौका बुडाल्याचा निकाल लागला. अॅडमिरल उगाकी यांनी अचूक बसलेल्या बॉम्बची संख्या ९ वरून ३ वर आणली. ४ जून रोजी सुरू झालेल्या प्रत्यक्ष लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. २००२ मध्ये अमेरिकेच्या 'मिलेनियम चॅलेंज' या खर्चिक उपक्रमात लाल संघाचे प्रमुख पॉल व्हॅन रायपर यांनी अनपेक्षित डावपेचांनी निळ्या संघाचा आरमारी ताफा बुडवला. बुडालेली जहाजे पुन्हा तरंगती मानून खेळ पुढे चालवण्यात आला आणि लाल संघावर निर्बंध घातले गेले.

तिसरी टीका निष्कर्षांच्या उपेक्षेची. १९६४ मधील 'सिग्मा' या अमेरिकी युद्धखेळांनी उत्तर व्हिएतनामवर बॉम्बवर्षाव करूनही त्याचा निर्धार मोडणार नाही, असे सूचित केले होते. पुढच्याच वर्षी बॉम्बवर्षावाची दीर्घ मोहीम सुरू झाली. लखनौ येथील सरावाची कथा याहून फार निराळी नाही.

चौथी टीका सप्रमाणता आणि विश्वसनीयता यांविषयी आहे. एकदाच खेळलेला खेळ ही एक गोष्ट असते, पुरावा नव्हे. त्यासाठी पुनरावृत्ती, खेळाडूंची पार्श्वभूमी उघड करणे, नियम आणि प्रसंगचित्र जसेच्या तसे प्रसिद्ध करणे आणि अपेक्षेविरुद्ध गेलेले निकालही नोंदवणे आवश्यक मानले जाते. वॉशिंग्टन येथील सीएसआयएस या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये तैवानवरील संभाव्य चिनी आक्रमणाचा खेळ प्रसिद्ध केला. तो २४ वेळा खेळला गेला होता आणि त्याची गृहीतके अहवालात खुली केली होती.

या अटी पाळल्यास युद्धखेळ ऐतिहासिक संशोधन, मुलाखती आणि सांख्यिकी यांना पूरक ठरतो. त्यांची जागा तो घेऊ शकत नाही. पुढे काय घडेल, हे त्यातून कळत नाही. आपण कोणत्या गोष्टी गृहीत धरून निर्णय घेतो, हे मात्र संकट येण्यापूर्वी तपासण्याची संधी त्यातून मिळते.